सांगा की ओ मामा

इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला सोलापुरात सुखाने जगता येत नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचून दाखवणे, टॉवेल निर्यातीची पत्रे तपासणे, परदेशातल्या जावयाच्या पत्त्याची स्पेलिंगे दुरुस्त करणे ही कामे मी आजवर निमूटपणे केली. परंतु माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि चार मित्रांसह एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये बँडचा सराव करू लागला, तेव्हापासून रॉक गाण्यांचे गूढार्थ उकलण्याची सक्तमजुरी माझ्या वाट्याला आली आहे. वर्गात वर्डस्वर्थचा अर्थ सांगताना मला कधी कोणी उलट प्रश्न केला नाही, कारण तो अर्थ गाइडात छापलेला असे. रॉक गाण्यांचे गाइड निघत नाही, आणि सगळा अनर्थ तिथूनच सुरू होतो.

पहिला घाला ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा होता. ईगल्स या अमेरिकन बँडच्या 1976 सालच्या या गाण्यात वाळवंटातून जाणारा प्रवासी एका हॉटेलात उतरतो आणि शेवटी त्याला कळते, की खोली केव्हाही सोडता येईल, पण येथून निघून मात्र कधीच जाता येणार नाही. हे वेड्यांचे इस्पितळ आहे, सैतानाच्या पंथाचे मंदिर आहे, नशेचे व्यसन आहे, असे नाना तर्क जगभर झाले. गाणे लिहिणाऱ्यांपैकी डॉन हेन्ली याने मात्र हा निरागसतेकडून अनुभवाकडे होणारा प्रवास असल्याचे सांगितले आहे. मी तेच सांगितले. “एवढंच होय?” असे म्हणून मुलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी पेपर तपासताना अनेकदा स्वतः वापरलेली आहे.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसणाऱ्या मंडळींना मात्र अर्थाची कधीच टंचाई नसते. कीर्तनकार बुवांनी गोष्ट ऐकून घेतली आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की हॉटेल म्हणजे देह, प्रवासी म्हणजे जीव आणि खोली सोडूनही सुटका नाही म्हणजे पुनरपि जननं पुनरपि मरणम्. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते, त्या एका ओळीवर बुवा दोन तास निरूपण करतात. त्यांच्यापुढे कॅलिफोर्नियाची काय कथा! स्टेशनजवळ लॉज चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हे पटले नाही. “बिल थकलं असणार,” ते म्हणाले, “आधार कार्ड काउंटरवर ठेवून घेतलं, की कुठं जातंय गिऱ्हाईक?” सर्व उपलब्ध तर्कांमध्ये मला हाच सर्वांत सयुक्तिक वाटतो.

लेखकाला विचारून प्रश्न मिटेल, असे ज्यांना वाटते त्यांनी बीटल्स या इंग्लिश बँडचा इतिहास पाहावा. 1967 साली त्यातल्या जॉन लेननने ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ लिहिले, तेव्हा शीर्षकातल्या आद्याक्षरांवरून लोकांनी एलएसडी हे मादक द्रव्य शोधून काढले. आपल्या छोट्या मुलाने शाळेतल्या लूसी नावाच्या मैत्रिणीचे चित्र काढून आणले, त्यावरून गाणे सुचले, असे लेनन सांगत राहिला. मी हे भाच्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “नाकारणारच की ओ मामा.” या युक्तिवादाला तोड नाही, कारण त्यात नकार हाच पुरावा ठरतो. त्याच वर्षी आपल्या जुन्या शाळेत मास्तर बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ शिकवतात, असे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून लेननला कळले. मग त्याने ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम असंबद्ध ओळी रचल्या, की लावा म्हणावे आता अर्थ. लोकांनी तोही लावला! पुढच्याच वर्षी त्याने दुसऱ्या गाण्यात वॉलरस म्हणजे बँडमधलाच पॉल, असा खोटा धागा सोडून दिला आणि संशोधकांची आणखी एक पिढी कामाला लावली. शिक्षक या नात्याने मी हा अपमान वैयक्तिक समजतो.

गाणे सुलटे ऐकून भागले नाही, तेव्हा लोक ते उलटे ऐकू लागले. लेड झेपेलिन या बँडच्या 1971 सालच्या ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये उलट वाजवल्यास सैतानाची स्तुती ऐकू येते, या आरोपावरून 1982 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीसमोर ते खरोखर उलटे वाजवले गेले. आमच्या तबकड्या एकाच दिशेने फिरतात, असे उत्तर त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने दिले होते. भाच्याने मोबाइलवर हा प्रयोग ओसरीवरच केला. तीन भाषांच्या या गावात त्याचे जे व्हायचे तेच झाले: टॉवेलवाल्या अण्णांना त्यात स्वच्छ तेलुगू ऐकू आले, दूधवाल्याला कन्नड ऐकू आले आणि बुवांना अर्थातच विठ्ठल ऐकू आला. सैतान कोणालाच भेटला नाही.

या साऱ्या व्यवहारात मला आदर वाटतो तो फक्त अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेबद्दल. 1963 साली किंग्जमेन या बँडने गायलेल्या ‘लुई लुई’चे उच्चार इतके अगम्य होते, की ते अश्लील असल्याच्या तक्रारी गेल्या आणि तपास सुरू झाला. गाणे आहे बिचाऱ्या एका खलाशाचे, जो आपल्या प्रेयसीच्या आठवणी काढतो आहे. सरकारी माणसांनी तबकडी वेगवेगळ्या गतींवर वाजवून ऐकली आणि कोणत्याही गतीवर शब्द कळत नाहीत, असा निष्कर्ष नोंदवला. समीक्षेच्या इतिहासात इतके प्रामाणिक वाक्य माझ्या तरी वाचनात नाही.

मध्यंतरी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी भाच्याच्या बँडने स्वतःचेच मराठी गाणे बसवले. त्यातली मुख्य ओळ अशी होती: ‘पंखा वारा विसरला, धोट्याच्या पोटात सूर्य घसरला.’ अर्थ विचारण्याची पाळी अखेर माझी आली, आणि मी ती आनंदाने साधली.

“अर्थ काही नाही मामा,” तो म्हणाला, “चालीत बसलं म्हणून घातलं.”

अण्णांनी तांत्रिक हरकत घेतली, की मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते, सूर्य बसायला जागाच नसते. बुवांनी मात्र डोळे मिटले. धोटा म्हणजे जन्म आणि मृत्यू यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारा जीव, पोटातला सूर्य म्हणजे आत्मज्योत, आणि पंखा वारा विसरला म्हणजे प्राणायामाची अंतिम अवस्था, असे निरूपण रंगत गेले, तसतसा भाचा अधिकाधिक गंभीर होत गेला. त्याने वही मागवली, सगळे उतरवून घेतले आणि मग माझ्याकडे वळून अत्यंत शांतपणे म्हणाला, “माझ्या डोक्यात हेच होतं की ओ मामा, तुम्हाला कळलं नसतं म्हणून बोललो नाही.”