ट्रॅव्हल रॉड दुसऱ्याच दिवशी फुटला, या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि फोटो झूम करून तीन-चार वेळा बघितले. तुम्ही लिहिलंय की 4,800 रुपयांचा चार पीसचा, मासे गरवायचा, सुटा करून नेता येणारा ट्रॅव्हल रॉड आमच्याकडून नेला, पुण्याहून बाईकवर मालवणला गेलात, दुसऱ्या दिवशी निवतीच्या खडकांवर कास्ट मारताना (गळ लांब फेकताना) दुसरा पीस जॉइंटपाशी फुटला, घरी आल्यावर एका गाईडवर (लाइन ओवायच्या कडीवर) गंज दिसला, आणि दुकानात फोन केला तर वापरलेला माल परत घेत नाही असं सांगून मुलाने फोन ठेवून दिला.

फोनचं आधी. ते चुकलंच, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मी त्या दिवशी गावाला होतो पण ती सबब नाही, निदान फोटो पाठवा एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं. त्याच्याशी बोललोय.

आता रॉडचं. फोटोत चीर उभी आहे, जॉइंटच्या तोंडापासून वर तीन-चार बोटं गेलेली, आणि असा रॉड जवळजवळ नेहमी एकाच कारणाने फुटतो, जॉइंट कास्ट मारता मारता थोडा सरकलेला असतो आणि आपल्या लक्षात आलेलं नसतं. पीस पूर्ण बसलेला असेल तर ताण सगळ्या जॉइंटवर वाटला जातो, पण अर्धा इंच जरी बाहेर आला तर सगळा हिसका वरच्या पीसच्या तोंडावर येतो आणि कार्बन तिथे उभा चिरतो. मासा उचलताना रॉड फार उभा धरला म्हणून मोडला असता तर तो टिपकडे मोडला असता, जॉइंटपाशी नाही. म्हणजे तुम्ही मासा चुकीचा खेळवला असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण चार पीस म्हणजे तीन जॉइंट, आणि ते दर पंधरा-वीस कास्टनंतर हाताने चाचपून दाबायचे असतात, हे काउंटरवर तुम्हाला कोणी सांगितलं का? नाही सांगितलं. मीच बिल केलं होतं त्यामुळे माझ्या लक्षात आहे, शनिवारची गर्दी होती आणि मी ट्यूबमधे घालून दिला. लावताना गाईड जरा बाजूला वळवून पीस सरळ आत घालायचा आणि ढकलत ढकलत फिरवून गाईड एका रेषेत आणायचे, आणि आत जाणाऱ्या टोकावर साधी पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने फिरवायची, पकड चांगली राहते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, ती मी दिली नाहीत.

त्याहून मोठी चूक वेगळीच आहे आणि ती पूर्ण माझी. तुम्ही म्हणालात मालवणला जिताडा-तांबोशी या माशांसाठी गरवायला जायचंय, बाईकच्या मागे बांधता येईल असा द्या, आणि मी लगेच 7 फुटी, 10 ते 30 ग्रॅम वजन फेकायचा काढून दिला, कारण माझ्या डोक्यात कर्ली नदीची खाडी आली. मी स्वतः तिथेच गरवत मोठा झालोय, होडीत बसून खारफुटीच्या मुळांजवळ 15-20 ग्रॅमचं ल्युअर (नकली आमिष) टाकायचं, त्याला 7 फूट बरोब्बर पुरतो, आणि तांबोशी मुळांत शिरायच्या आत खेचायला खालचा पीस पुरेसा कडक आहे. पण तुम्ही उभे राहणार कुठे, आणि टाकणार किती वजनाचं, हे मी विचारलंच नाही. तुम्ही खडकावर होतात, वाऱ्यात, आणि रिव्ह्यूमधे तुम्हीच लिहिलंय की 60 ग्रॅमचे जिग (धातूचे जड ल्युअर) टाकत होतो. 30 ग्रॅमच्या रॉडने 60 ग्रॅम जोरात फेकलं की प्रत्येक कास्टला ब्लँक (रॉडची मूळ काठी) आणि जॉइंट दोन्हींवर जादा ताण येतो, मग जॉइंट ढिला होणं आणि फुटणं याला फारसा वेळ लागत नाही. तिथे 9 फुटी, 20 ते 60 ग्रॅमचा लागतो, लांब रॉडने लाइन खडकाच्या कडेपासून लांब राहते हा पण फायदा. 9 फुटी चार पीसमधे घेतला तर एक पीस साधारण 71-72 सेंटीमीटर होतो, 7 फुटीचा 57-58. पुढे अंदमानला विमानाने जाणार म्हणालात म्हणून सांगतो, पाच पीसचा 9 फुटी साधारण 60 मधे बसतो आणि चेक-इनच्या मोठ्या बॅगेत आडवातिडवा मावतो, पण जॉइंट एक वाढतो.

अजून एक, 40 पाउंडची ब्रेड (विणलेली लाइन) लावूनही रॉड तुटला असं तुम्ही लिहिलंय. दादा, रॉडवर लाइन 10 ते 20 पाउंड असं छापलेलं आहे, त्यावर 40 ची लाइन लावून ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट केला तर लाइन तुटायच्या आधी रॉडच जाणार. 20 पाउंडची ब्रेड आणि पुढे 30-40 चा लीडर (टोकाला जोडायचा जाड लाइनचा तुकडा) लावा, लीडर जाड हवाच कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, आणि बॅग मोजायचा लटकता काटा लाइनला लावून ड्रॅग सव्वादोन किलोच्या आसपास सोडेल असा ठेवा.

यापेक्षा 1,200 चा टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) बरा होता असं म्हणालात, इथे मात्र मी सहमत नाही. माझ्याकडे टेलिस्कोपिक आहेत, गोड्या पाण्यात तळ्यावर शिकणाऱ्या मुलांना मी देतो. पण किनाऱ्यावर वाळूचा एक कण नळीत गेला की आतून ओरखडे, वर खारं पाणी आत सुकतं आणि मग पीस अडकतात नाहीतर भर कास्टमधे आत सरकतात, गाईड पण गोल फिरतात. दिवसभर ल्युअर फेकायचं असेल तर मी कोणालाच देत नाही, फायदा माझा होत असला तरी.

गंजाचं म्हणाल तर या किमतीत गाईडची फ्रेम भारी दर्जाच्या स्टेनलेसची नसते आणि ते मी सांगायला हवं होतं. ओला रॉड ट्यूबमधे भरून रात्रभर ठेवला तर दोन दिवसांत डाग येतात, गोड्या पाण्याने हलक्या धारेत धुवून, पुसून, पीस सुटे करून सुकवायचा आणि मगच ट्यूबमधे घालायचा. तो डाग अजून वरवरचाच दिसतोय.

कंपनीची वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषाला आहे आणि या फुटण्याला ते नाही म्हणणार हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला तिकडे पळवत नाही. दोन पर्याय देतो. तुम्ही खाडीतच जास्त जाणार असाल तर दुसरा पीस मी डीलरकडून मागवून माझ्या खर्चाने बदलून देतो, आठ-दहा दिवस लागतील. खडकावरच जाणार असाल तर हा रॉड उरलेल्या पीससकट परत घेतो, पूर्ण 4,800 धरतो, आणि 9 फुटी जो पसंत पडेल त्याचा फक्त फरक द्या. तुमचा रिव्ह्यू काढा किंवा स्टार वाढवा असं काही म्हणणं नाही, तो राहू दे, पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी आहे.

येताना रील आणि ते 60 ग्रॅमचे जिग पण घेऊन या, मागच्या गल्लीत मोकळी जागा आहे, दोन-तीन रॉड लावून फेकून बघू. सोमवारी बंद असतो, बाकी संध्याकाळी पाचनंतर मी स्वतः काउंटरवर असतो.