कन्नडमध्ये शंभर पडलेल्या मुलीचा सत्कार कसा करावा

दहावीचा निकाल लागला की बेळगावात शालींना आणि गुणवंतांना एकदम मागणी येते. शाली गणपत गल्लीत हव्या तेवढ्या मिळतात. गुणवंत मात्र मोजकेच असतात, तेव्हा निकालाच्या संध्याकाळीच बाहेर पडा. दुसऱ्या दिवशीवर टाकलंत तर पलीकडच्या गल्लीचं मंडळ मुलगी घेऊन जाईल आणि तुमच्या वाट्याला फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला खजिनदाराचा भाचा येईल. त्याचाही सत्कार करावाच लागतो म्हणा, पण तो दरवर्षीचा आहे.

सुरुवात बॅनरपासून करा. मुलीचा फोटो स्टॅम्पएवढा, अध्यक्षांचा पासपोर्टएवढा आणि ज्यांच्या कृपेने स्पीकरची परवानगी मिळाली त्यांचा छातीपर्यंत. शहरात पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम आहे. तो दुकानांना की आपल्यालाही, यावर वाद घालत बसू नका; रात्री शिडी घेऊन बॅनर उतरवायला येतात ते वाद घालत नाहीत.

पत्रिकेवर गावाचं नाव काय छापायचं, हा अवघड भाग. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’. ते छापलंत तर आपली ज्येष्ठ मंडळी पत्रिका न उघडता परत करतील. ‘बेळगाव’ छापलंत तर तुमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. मी सरळ ‘मारुती मंदिराशेजारी’ एवढंच छापतो. मारुती अंजनेरीचा की अंजनाद्रीचा, हा वाद नाशिककडच्या आणि हंपीकडच्या लोकांनी आपसात ठेवलाय. तो इकडे आणू नये ही विनंती.

आता मुलगी. तिचं मार्क्स कार्ड आधी नीट वाचून घ्या, स्टेजवर पहिल्यांदा वाचू नका. हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या वर्षी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मुलगी खानापूरकडच्या एका वाडीतली, मराठी माध्यमाची. एकूण ६२५ पैकी सहाशेच्या वर. मी मोठ्या आवाजात सुरू केलं: प्रथम भाषा मराठी, १२५ पैकी १२१! टाळ्या. द्वितीय भाषा इंग्रजी, ९६! टाळ्या. तृतीय भाषा कन्नड, शंभर पैकी... आणि माझी जीभ अडली. पहिल्या रांगेत भगव्या फेट्यातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला, पाणी प्यालो आणि थेट गणितावर गेलो.

मुलीला वाटलं, मी चुकून ओळ सोडली. ती हळूच पुढे येऊन म्हणाली, “काका, कन्नड ऱ्हायलं की हो. शंभर हाईत.” माईक चालू होता.

तेव्हा असे गुण असलेल्या मुलीला आधीच समजावून सांगा की बाई, तुझ्या हुशारीत पाच विषयांचा आम्हाला अभिमान आहे, सहाव्याचं घरी काय करायचं ते कर. ‘भाषा विषयांत घवघवीत यश’ हा शब्दप्रयोग पाठ करून ठेवा, त्यात सगळं झाकतं. तिच्या कन्नडच्या सरांना बोलवायचं नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक रुपया न घेता त्यांनी वाडीतल्या पोरांना शिकवलं असेल, पण त्यांना फेटा कुठल्या रंगाचा बांधणार तुम्ही?

दोनच दिवसांनी दुसऱ्या, म्हणजे कन्नड बाजूचा सत्कार असतो. लाल-पिवळी शाल, लाल-पिवळा हार. तिथे फक्त ती शंभरचीच ओळ वाचतात, तीनदा, आणि मराठीतले १२१ कुठे जातात ते कळत नाही. त्यांनाही सल्ला हवा असेल तर हाच लेख उलटा वाचावा, बरोबर लागू पडतो. मुलीच्या आईने दोन्ही शाली घडी घालून एकाच ट्रंकेत ठेवल्या आहेत. तिथे त्यांचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही.

भाषणांचं नियोजन मात्र काटेकोर हवं. प्रमुख पाहुणे १९४६ पासून सुरू करतील, बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तिथून. थांबवू नका. १९५६ येईपर्यंत अर्धा तास जातो. हुतात्म्यांचा उल्लेख झाला की सगळ्यांनी उभं राहायचं, ते योग्यच आहे, मीही राहतो. माझ्या आजोबांनी त्या वेळी लाठ्या खाल्ल्यात. मग सीमावादावरचा महाजन आयोग. २६४ गावं तिकडे महाराष्ट्रात, २४७ इकडे कर्नाटकात, आणि बेळगाव होतं तिथेच. हे आकडे पाहुण्यांना तोंडपाठ असतात. समोर बसलेल्या मुलीला गणितात किती पडले ते त्यांना चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. २००४ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा लावला, इथवर गाडी येते तेव्हा पोहे थंड होऊन त्यांचा गोळा झालेला असतो. कुणी कुरकुरलं तर त्याला सांगा, समोरच्या मुलांपैकी एकही २००४ साली जन्मलेलं नव्हतं. दावा वयाने थोरला, मान आधी त्याचा.

यानंतर ‘मराठी शाळा वाचवा’. या मुद्द्यावर पाहुण्यांचा कंठ दाटून येतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजतो आणि नातवाला इंग्रजी शाळेतून आणायची वेळ झालेली असते. त्यांना जाऊ द्या.

पालक शेवटी तुमच्याकडे येऊन विचारतील, पोरीला पुढं काय करायचं? उत्तर तयार ठेवा. इकडे राहिली तर पीयूसी, म्हणजे आपली अकरावी-बारावी, आणि कर्नाटकाची सीईटी. तिकडे जायचं तर महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. फक्त दाखले लागतात: आपलं गाव वादग्रस्त ८६५ गावांतलं असल्याचा एक, आणि मुलीची मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. होय, मराठीचाही दाखला लागतो. मराठीत १२१ पडले म्हणून मातृभाषा मराठीच, असं सरकार कसं धरून चालेल? “तेवढं कुठं काढायचं हो?” असं पालकांनी विचारलं की त्यांच्या पाठीवर हात ठेवा, “आम्ही आहोत” म्हणा आणि लगेच ग्रुप फोटोला बोलवा. बक्षिसाचं पाकीटही तेव्हाच द्या, म्हणजे उघडून बघता येत नाही.

कार्यक्रम संपला की खुर्च्या मोजून घ्या आणि सगळ्यांना एकदम सोडू नका. कारण नऊच्या सुमारास पोलीस ठाण्याचा एक शिपाई येईल आणि अध्यक्षांच्या हातात कागद देईल. कागद कन्नडमध्ये असतो. परिपत्रकं मराठीत द्या अशी आपली मागणी जुनी आहे, तिची निवेदनं सध्या फाईलमध्ये आहेत. अध्यक्ष चष्मा लावतील, काढतील, उपाध्यक्षांकडे देतील. उपाध्यक्ष उजेडात धरतील. गेल्या वर्षी तो कागद अकरा हातांतून फिरला. स्पीकरबद्दल आहे, घोषणांबद्दल आहे की नुसती पावती आहे, यावर दोन गट पडले.

शेवटी अध्यक्ष गेटकडे बघून ओरडले, “अरे, ती पोरगी गेली काय रे? थांबवा तिला!”

ती टेम्पोत चढत होती. श्रीफळ काखेत धरून खाली उतरली आणि बल्बखाली उभी राहून तिने तो कागद आम्हाला मराठीत वाचून दाखवला. सगळे शांत ऐकत होते. अख्ख्या कार्यक्रमात एवढं शांत कुणी बसलं नव्हतं. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “नीट वाचलंस नव्हं?”

“शंभर हाईत, काका,” ती म्हणाली.

माईक बंद केलेला होता.