माणूस समोर उभा आहे, तो दिसत नाही का?

आज डोकं इतकं तापलंय की जेवण झाल्या झाल्या लिहायला बसले. लांबलचक होणार आहे, पण वाचा.

सकाळी थोरल्या मामांना घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. मामा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. उभा जन्म वाळू, साचे आणि ओतकामात गेला. कोल्हापूरचं कास्टिंग कुठं कुठं जातं म्हणून आपण छाती फुगवून सांगतो ना, ते असल्या हातांनी केलेलं असतं. आता त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन मिळते. या योजनेतली किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, २०१४ ला ठरली ती तिथंच आहे, आणि मामांची काही त्याच्या फार वर नाही. तेवढ्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे मशीनला पटवून द्यावं लागतं.

केंद्राचं नाव लिहीत नाही, शहरातलंच एक आहे. बाकड्यावर सात-आठ म्हातारी माणसं बसलेली, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या." आणि बाकड्यावरची माणसं उठायला लागली! एकानंही विचारलं नाही, कुठला सर्व्हर, काय झालंय, उद्या तरी नक्की होईल का. गुडघ्यावर हात ठेवून एकेक जण उठायला लागला.

मी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. एका सहकारी संस्थेचे सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, शाखांचे प्रिंटर हे सगळं माझ्याकडं असतं. मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, स्क्रीन जरा माझ्याकडं फिरवतेस का?" तिनं फिरवली. ब्राउजरवर लाल खूण आणि इंग्रजीत लांबलचक सूचना. मी उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं. तारीख होती जानेवारी २०१६.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर बंद असतानाही त्याचं घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर एक बटण सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, चहा-वड्याच्या पैशात. तो संपला की रात्री लाईट गेल्यावर मशीन तारीख विसरतं आणि सकाळी कुठल्या तरी जुन्या तारखेवर उठतं. आता प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडं एक प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. मशीन २०१६ मध्ये बसलं असेल तर त्याच्या हिशोबानं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून ब्राउजर साइट उघडत नाही. तिकडं सर्व्हर ठणठणीत चालू आहे, आणि इकडं म्हातारी माणसं रिक्षाचं भाडं खर्चून घरी परत चाललीत.

तारीख नीट केली. पान उघडलं. मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. तिच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. विशीतली पोर, दाखल्यामागं दोन-चार रुपये सुटत असतील. तिला कुणी दहा मिनिटं बसवून शिकवलेलं नाही. स्क्रीन चालली नाही की "सर्व्हर डाऊन" म्हणायचं एवढंच ती आजूबाजूला ऐकून शिकली आहे.

मग मामांचा अंगठा. लागला नाही. पुसून लावला, नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, ओलं फडकं, सगळं झालं. चाळीस वर्षं वाळू हाताळलेल्या माणसाच्या बोटावर रेषा राहतीलच कशा? आणि वयानं कातडी कोरडी पडते, सैल होते, ते वेगळंच. मशीनला बोट कळत नाही, त्याला फक्त रेषांचे उंचवटे कळतात. ते झिजले की त्याच्या दृष्टीनं हा माणूस दुसराच कुणीतरी आहे.

मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचं मॅच होत नाही. तुमचाच प्रॉब्लेम आहे."

मामा म्हणाले, "अगं, पण मी हितं हुबा हाय न्हवं?"

सकाळपासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मला सांगा, यात मामांचा प्रॉब्लेम कसा? स्क्रीनवर ३०० असा आकडा आला होता. आधारच्या व्यवस्थेत ३०० म्हणजे बोट जुळलं नाही. ३३० आला असता तर त्याचा अर्थ त्या माणसानं स्वतःच आपलं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांसारखी ओळख, लॉक केलेलं आहे. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे. पण हे आकडे समोरच्या मुलीला कुणी सांगितलेले नाहीत, आणि मराठीत दोन ओळी लिहून दाखवायला कुणाचं काय जात होतं? "बोट जुळत नाही, चेहरा वापरून बघा." झालं असतं काम! चेहऱ्यानं हयातीचा दाखला देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. त्या केंद्रावर ती कुणाच्या गावीही नव्हती.

हे मी रोज बघते. माझ्या धंद्यातच बघते. सॉफ्टवेअरवाले डेमोला येतात, तेव्हा सगळं गुळगुळीत चाललेलं असतं. वातानुकूलित खोली, फास्ट नेट, तरणी बोटं. मी विचारते, लाईन गेल्यावर काय करायचं? उत्तर येतं, "मॅडम, जात नाही." अरे, जात नाही म्हणजे काय? गटारीसाठी खणताना जेसीबीवाल्यानं फायबर तोडलेली मी किती वेळा बघितली आहे! आणि मग बिघडलं की युझरची चूक. युझरला येत नाही. युझरला समजत नाही.

पासवर्डचंच घ्या. ठरावीक दिवसांनी बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. हा नियम अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या माणसानं २००३ च्या सुमारास लिहिला. २०१७ मध्ये त्या संस्थेनं तो मागं घेतला, विनाकारण ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका असं स्पष्ट सांगितलं, आणि बर साहेबांनी स्वतः पश्चात्ताप होतो म्हणून सांगितलं. आपल्याकडं मात्र तपासणीला येणारे साहेब अजून तोच कागद घेऊन येतात. परिणाम? कुठल्याही शाखेत जा आणि कीबोर्ड उलटा करा. खाली चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्या क्लार्कबाईंना निष्काळजी म्हणायची माझी तयारी नाही. माणसाला जमणार नाही असा नियम करायचा आणि मग माणसाला दोष द्यायचा, हे कुठलं शहाणपण?

आता काही जण म्हणतील, तू सिस्टीमवाली असून सिस्टीमच्या विरोधात बोलतेस. बरं, मान्य करते. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरणं कमी झालं, ते ऑनलाइनमुळंच. यूपीआयनं गंगावेशीतल्या भाजीवालीचा सुट्ट्यांचा त्रास वाचवला. आणि कागदाच्या जमान्यात टेबलाखालून काय काय चालायचं तेही आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

पण म्हणून दुसरा रस्ता बंद करायचा? माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. एसटीत संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग असतो की नाही? तो रोज वापरत नाहीत म्हणून कुणी तिथं वेल्डिंग मारून ठेवत नाही. कुठलीही व्यवस्था ऑनलाइन करा, जरूर करा, पण मशीननं "नाही" म्हटल्यावर माणसानं "हो" म्हणायची सोय ठेवा. जबाबदार माणूस बसवा, त्याला सहीचा अधिकार द्या, एक वही द्या. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडं बघून, त्याचं कार्ड बघून, "हा माणूस जिवंत आहे, मी बघितला" असं लिहायची मुभा तिथल्या तिथं कुणाला तरी असलीच पाहिजे. नसेल तर ती व्यवस्था अर्धवट आहे. मी अशी यंत्रणा माझ्या संस्थेत चालू करून दिली असती तर मला घरी पाठवलं असतं.

२०१९ चा पूर आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलं होतं. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली, कितीतरी भागांत लाईट नाही, फोनला रेंज नाही. तेव्हा कुणाच्या फोनमध्ये किती शिल्लक आहे याला काही अर्थ नव्हता. आमच्या संस्थेत रोज संध्याकाळी खातेदारांच्या शिलकेची यादी छापून ठेवायची जुनी पद्धत आहे, आमच्या जुन्या मॅनेजर साहेबांनी घालून दिलेली. त्या यादीवर आम्ही माणसांना पैसे दिले. मेणबत्ती लावून, यादीत नाव बघून, सही घेऊन. ज्यांचं पासबुक पाण्यात गेलं होतं त्यांनाही दिले, कारण समोर उभा असलेला माणूस कोण आहे हे काउंटरवरच्या शिपायालाही माहीत होतं. लाईट आल्यावर सगळ्या नोंदी कॉम्प्युटरला घातल्या. हिशोब जुळला. सर्व्हर वरच्या मजल्यावर सुखरूप होता, माझं काम मी केलं होतं, पण त्या आठवड्यात लोकांच्या कामी आली ती छापील यादी.

आणि हे आपल्यासारख्या लहान गावापुरतं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बसली. आपल्याच देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, फोटो तुम्हीही बघितले असतील. लोक हसले त्या फोटोंना. मला त्यांचं कौतुक वाटलं. माणसं विमानात बसली ना? पेन हातात घ्यायला कुणी घाबरलं नाही.

आणि इथं? मामांचा अंगठा जुळत नाही म्हणून त्यांना सांगितलं गेलं, "मुलाला घेऊन या." मुलगा पुण्याला आहे. त्याला काय रजा टाकून यायला लावायचं, बाप जिवंत आहे हे दाखवायला? आणि ज्याला मुलगाच नाही, त्यानं काय करायचं? हे ज्यांनी आखलं त्यांच्या घरात कुणी म्हातारं नाही का? त्यांच्या आईनं कधी भांडी घासली नाहीत, शेतात भांगललं नाही, तिची बोटं कधी झिजली नाहीत का? ज्यानं हातानं जास्त कष्ट केले त्यालाच आपण जिवंत असल्याचा पुरावा देता येत नाही, आणि आयुष्यभर फाइलवर सही केलेल्या साहेबांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो. याचा मला संताप येतो. शब्द नीट सुचत नाहीत इतका येतो.

पाणी प्यायला उठले होते. जरा शांत झाले.

मामांचं काम झालं, ते सांगायचं राहिलं. माझ्या फोनवर चेहऱ्याचं ॲप घातलं, त्यांना दारात उजेडाकडं तोंड करून उभं केलं. "मामा, डोळे मिटून उघडा." ते टोपी काढून, केस सारखे करून, फोटोला उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. झालं लगेच. मग बाकड्यावरच्या आणखी तिघांचं केलं. काउंटरवरची मुलगी शेजारी येऊन उभी होती, तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटच्या आजींचं तिनंच केलं. मला म्हणाली, "ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." मी तिला सेल कुठला आणायचा तेही लिहून दिलं. मालक आणेल का नाही, बघू.

पण प्रत्येक म्हाताऱ्यासोबत ओळखीची कॉम्प्युटरवाली असणार नाही, आणि अशी व्यवस्था ओळखीवर चालून चालणार नाही. आजचं काम झालं म्हणून मी खूश नाही. मी लेखी तक्रार करणार आहे आणि पोच घेणार आहे. तुमच्या घरी असं झालं असेल तर तुम्हीही लेखीच द्या, तोंडी बोलून काही होत नाही.

तोवर एक करूया. रविवारी सकाळी मी घरी आहे. ज्यांच्या आई-वडिलांचा, शेजाऱ्यांचा हयातीचा दाखला अंगठ्यामुळं अडलाय त्यांनी घेऊन या. आधार कार्ड, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर), पेन्शन जमा होते त्या खात्याचं पासबुक आणि ओटीपी येईल असा चालू मोबाईल एवढं लागतं. पैसे घेणार नाही. येता येत नसेल तर पत्ता मेसेज करा, पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतात ती सोयही आहे, ती कशी मागवायची ते सांगेन. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना एक बजावून ठेवा, फोन करून कुणी "पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा" म्हणालं तर सरळ फोन ठेवायचा.

ज्यांना चेहऱ्याचं ॲप चालवता येतं अशा दोघा-तिघांनी माझ्यासोबत बसायला यावं. कोण येतंय ते खाली लिहा.