सदाफुलीची चार पानं आणि काकांचा फॉरवर्ड

‘रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पानं चावून खा. कॅन्सर आणि शुगर मुळासकट जातात. ऋषीमुनींचं हे ज्ञान औषध कंपन्यांनी दडपून ठेवलं आहे.’ गुलाबी फुलाच्या फोटोसह हा मजकूर गेल्या पंधरवड्यात मला तीन ग्रुपवर आला. तिसऱ्यांदा तो पाठवणाऱ्या काकांना फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

‘सदाफुलीत कॅन्सरचं औषध आहे.’

आहे की! म्हणून तर हा फॉरवर्ड इतका चालतो. पण ते सापडलं कसं, ते ऐका. 1950च्या दशकात कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांच्या हाती जमैकाहून आलेली सदाफुलीची पानं पडली. तिकडे मधुमेहावर त्यांचा काढा पीत. नोबल यांनी उंदरांना अर्क पाजून पाहिला, साखर काही उतरली नाही. मग तोच अर्क शिरेतून टोचला, तर उंदीर आठवड्याभरात जंतुसंसर्गाने मेले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. पांढऱ्या पेशी पाडणारं द्रव्य रक्ताच्या कॅन्सरवर चालेल का, हा प्रश्न तिथून पुढे आला. चार्ल्स बीअर यांच्यासोबत त्यांनी 1958 मध्ये सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवर चालणारं द्रव्य वेगळं काढलं. पाठोपाठ एली लिली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून तसंच दुसरं औषध, व्हिनक्रिस्टिन, आलं.

म्हणजे ज्या प्रयोगाने सदाफुलीला नाव मिळवून दिलं, त्याच प्रयोगात ‘खाल्ल्याने शुगर जाते’ हा दावा पडला होता.

‘मग पानंच का खाऊ नयेत?’

मोठ्या माणसाला व्हिनक्रिस्टिनचा एक डोस सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन काढायला शेकडो किलो पाला लागतो. आता चार पानांचा हिशोब ज्याचा त्याने करावा. पानांत याखेरीज सत्तरहून जास्त अल्कलॉइड (शरीरावर जोरकस परिणाम करणारी वनस्पतींतली द्रव्यं) असतात, तीही पोटात जाणारच. औषध म्हणून व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून देतात. शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस सडतं, चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. नीट दिलं तरी हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही.

‘कंपन्यांनी दडपलं.’

अमेरिकेत व्हिनक्रिस्टिनला 1963 मध्ये मान्यता मिळाली. पेटंट कधीच संपलं, भारतीय कंपन्याही ते बनवतात. हे दडपणं कसलं? मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचे रक्तदाबावरचे निष्कर्ष 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, तेव्हा जगभरच्या कंपन्या त्या मुळीमागे धावल्या. 1952 मध्ये त्यातून रेसर्पिन हे रक्तदाबाचं औषध निघालं.

वेळ लागतो तो तपासण्यात. आपल्या नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासोबत काम करत. त्यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य शोधलं. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण विषारी परिणाम इतके की त्या थांबवाव्या लागल्या. रेणूत फेरफार करून बनवलेली औषधं बाजारात यायला 1996 उजाडलं. हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे, आणि त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली, ते वेगळंच दुखणं. वाणींचंच दुसरं संशोधन, टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं द्रव्य, 1971 मध्ये छापून आलं आणि 1992 मध्ये औषध झालं.

‘ऋषीमुनींचं ज्ञान.’

सदाफुली मूळची मादागास्करची. पुढचा मुद्दा.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही.’

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. 2020च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले असे सहा रुग्ण सापडले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. लोकांनी दुसरीच, दिसायला तशीच वेल वापरली असेल, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. ते खरं धरलं तरी कुंपणावरून वेल तोडणाऱ्याला फरक कळणार कसा? पुढे देशभरातल्या 13 केंद्रांतून असे 43 रुग्ण नोंदले गेले.

‘करून बघायला काय जातं?’

हे काकांचं शेवटचं वाक्य. वेळ जातो, काका. लहान मुलांना सहसा होणारा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आज चांगल्या केंद्रात बहुतेकदा बरा होतो, पण उपचार वेळेत सुरू झाले आणि दोन-अडीच वर्षं न चुकता चालले तर. त्या उपचारांत व्हिनक्रिस्टिन असतंच. म्हणजे सदाफुली तिथेही आहे, फक्त मोजून आणि शिरेतून.