परका दिसला की काठी उचलायची, हे कोणी शिकवलं आपल्याला?

भाचा आज अंगणात झोपायला तयार नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे घरादाराच्या बाजा अंगणात पडतात, आणि हा एकटा आत पंख्याखाली घामेघूम होऊन पडलाय. काहून, तर दुपारी गावच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला. मागे ढणाढणा संगीत, लाल अक्षरात ‘पृथ्वीवर हल्ला’, आणि थ्री-आय अ‍ॅटलास म्हणजे म्हणे एलियनचं लढाऊ यान. सात वर्षांचं पोरगं. ते मला विचारतं, "मामा, ते आपल्याला मारतीन का?"

डोकंच फिरलं माझं.

तो धूमकेतू आहे. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या दुर्बिणीनं शोधलेला. आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला, आपल्याला सापडलेला तिसराच पाहुणा. आणि १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळून गेला तेव्हाही तो सुमारे २७ कोटी किलोमीटर लांब होता. सूर्य १५ कोटींवर आहे, आता करा हिशोब. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांनी ते यान असू शकतं अशी शंका काढली होती, हे खरं. नासानं धूमकेतूच आहे म्हणून स्पष्ट सांगितलं, तेही खरं. पण पहिलं तेवढं गावापर्यंत पोचतं, दुसरं पोचत नाही.

बरं, समजा ते यानच असतं. तरी ते मारायलाच आलं असेल, हे कुठून ठरवलं?

मी आठवीत असेन. पऱ्हाटी उपटून झाली होती, वावरं मोकळी होती, आणि गावाजवळ काठेवाडी आले. विदर्भातल्यांना सांगायला नको, मेंढरांचे कळप आणि उंट घेऊन गावोगाव फिरणारी ही माणसं. गावात लगेच सुरू, चोर आहेत, पोरं पळवतात, हाकला. आमचे बाबा धुऱ्यावर गेले, मी मागे. त्यांचा म्हातारा धुऱ्याच्या पलीकडे उभा होता, बोलावल्याशिवाय त्यानं वावरात पाय टाकला नाही. मागे एका उंटावर उलटी बाज बांधलेली, बाजेच्या चार पायांमध्ये दोन-तीन दिवसांची कोकरं कोंबलेली, आणि त्या कोकरांच्या मधोमध एक पोरगी बसलेली, नाकाला शेंबूड, हातात भाकरीचा तुकडा. ही ती पोरं पळवणारी टोळी. बाबा गावकऱ्यांना एवढंच म्हणाले, "आधी इचारून तं पाहा, कोठून आले, कायले आले." मेंढरं आमच्याच वावरात बसली. पुढच्या हंगामात खताला पैसा लागला नाही.

मोठमोठ्या माणसांचाही विरोध आहे, मान्य. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २०१० साली म्हणाले होते की परग्रहवासी आले तर कोलंबस अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या मूळ लोकांचं जे झालं तसं आपलं होईल. एवढ्या मोठ्या माणसापुढे मी कोण? पण कोलंबस सोन्यासाठी आणि मसाल्यासाठी निघाला होता. जो ताऱ्यांमधलं अंतर कापून येईल त्याला आपल्याकडचं काय लुटायचंय? पाणी? गुरूच्या एकट्या युरोपा चंद्रावर बर्फाखाली आपल्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. लोखंड, निकेल लघुग्रहांत पडलंय, कोणाशी भांडायचं कामच नाही. आणि अंतर तरी केवढं! सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षं. आपण माणसांनी सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानाच्या वेगानं जायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. इतक्या लांबून कोणी वैर काढायला येत नाही हो.

व्हॉयेजरचं नाव निघालं की माझा राग थोडा उतरतो. १९७७ ला सोडलेलं ते यान आज अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यातला एक मराठीत आहे. आपल्या भाषेत कोणीतरी त्या अंधारात सांगून ठेवलंय की पृथ्वीवरची माणसं तुम्हाला शुभेच्छा पाठवतात. हे मी आज भाच्याला सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं. कुठून माहीत असणार, याचा व्हिडिओ कोणी टाकतं का ग्रुपवर?

त्या काठेवाड्यांचं एक राहिलं. दोन रात्री गेल्या आणि गावात एकाची बकरी हरवली. झालं, पाच-सात जण काठ्या घेऊन डेऱ्यावर. बायका पोरांना पोटाशी धरून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं हात जोडले. बकरी सकाळी गावातल्याच दुसऱ्या गोठ्यात सापडली. माफी मागायला एकही जण गेला नाही. आता सांगा, त्या रात्री हल्लेखोर कोण होतं? लांबून आलेले, की आपण?

(हो, त्यांच्या मेंढरांनी शेजारच्याचा उन्हाळी भुईमूग थोडा खाल्ला होता. भरपाईही दिली त्यांनी.)

आणि आभाळातून खरंच काही पडलं, तेव्हा ते कोणाचं निघालं? २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र, आठवत असेल. आभाळात जळत्या रेघा, अर्ध्या विदर्भाच्या पोटात गोळा. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली. चिनी रॉकेटचे अवशेष होते ते, असं जाणकारांनी सांगितलं. माणसानंच उडवलेलं, माणसाच्याच डोक्यावर. एलियनच्या नावानं बोंबलणाऱ्या चॅनलवाल्यांनी याच्यावर किती दिवस चर्चा केली?

कोणी म्हणेल, ते वैरी नसतील पण आपल्याला किड्यामुंगीसारखं तुडवून पुढे जातील. असू शकतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ज्यांना आपण पाहिलंच नाही त्यांच्या हातात आधीच शस्त्र देऊन मोकळं व्हायचं, आणि लहान पोरांच्या डोक्यात ते भरायचं, हे मला पटणार नाही. हीच पोरं उद्या गावाबाहेर पालं पडली की काठ्या शोधतील. काठेवाड्यांवर गेलेले ते पाच-सात जण कोणाकडून तरी शिकलेच होते ना?

पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून १९७४ साली एम-१३ या तारकागुच्छाकडे संदेश पाठवला होता. पोचायलाच पंचवीस हजार वर्षं. असे संदेश पाठवून आपला पत्ता सांगावा की गुमान बसावं, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. मला कोणी विचारत नाही, पण माझं मत लिहून ठेवतो: पाठवावा. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा, रात्रभर वाद घालायला तयार आहे. फक्त ‘सावध राहिलेलं बरं’ एवढंच लिहून जाऊ नका. कशापासून सावध, तेही सांगा.