पाण्याने काय घोडं मारलंय

"रे झिला, पाणी मारतंस कित्याक? पाण्यान तुझा काय घोडा मारल्यान?"

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर वाळूत जाळं शिवत बसलेल्या आजोबांनी काल भर गर्दीत मला हे विचारलं. ४७ वर्षांचा झिला! मी काही न बोलता नांगरलेल्या होडीकडे पोहत निघालो, तर आजोबा मासळीचा लिलाव पुकारावा तसे माझे हात मोजू लागले. मी दर दुसऱ्या हाताला श्वास घेतो, तेवढाच कान पाण्याबाहेर येतो. त्यामुळे मला फक्त सम आकडे ऐकू आले. होडीला हात लागला तेव्हा, "बेचाळीस! येवढ्यात रापण ओढून झाली असती!"

राग याचा, की म्हातारा बरोबर होता. फ्रीस्टाइलमध्ये पाणी मारायचं नसतं, धरायचं असतं. रापणीत माणूस वाळूत पाय रोवतो आणि जाळं त्याच्याकडे येतं. इथे पंजा पाण्यात रोवायचा आणि माणसाने पुढे सरकायचं. त्यासाठी हात खांद्याच्या रेषेत, बोटांच्या टोकांनी आत घालावा. अंगठा आधी घुसवला की खांदा आत वळतो आणि महिन्याभरात कुरकुरतो. हात डोक्यापुढची मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला की माणूस धामणीसारखा वळवळत जातो.

खरी गोम कोपरात आहे. हात पुढे लांबवल्यावर कोपर वरच ठेवून पंजा आणि कोपरापर्यंतचा हात खाली उभा करायचा, मग पाणी मांडीपर्यंत मागे लोटायचं. माझं कोपर आधीच खचतं. मग पाणी मागे जायच्या ऐवजी खाली दाबलं जातं, छाती वर उचलली जाते, पाय बुडतात, आणि वेग जागच्या जागी.

१८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन आदिवासी जलतरणपटूंनी असेच हात फिरवत पोहून दाखवलं, तर तिथल्या वर्तमानपत्राला पवनचक्की आठवली. म्हणजे काठावरच्यांची जीभ तेव्हाही चालतच होती.

आजोबांचा पुढचा सल्ला मात्र साफ चुकीचा. "बोटां जुळव, पाणी गळता!" गळत नाही हो. बोटं सैल, किंचित फटीची असली तर पंजा उलट मोठा लागतो; घट्ट जुळवली की मनगट ताठरतं. त्यापेक्षा मुठी मिटून २५ मीटर पोहावं. पंजा गेला की कोपरापर्यंतच्या हाताने पाणी धरावंच लागतं. मग पुढच्या २५ मीटरला मूठ उघडली की तळहात सुपाएवढा वाटतो. हात बाहेरून पुढे आणताना कोपर वर, बोटं पाण्यावरून घासत न्यावीत. खांदा आपोआप सैल सुटतो.

पण याला निवांत पाणी लागतं. ते मिळतं सकाळी सातला. नऊ वाजले की बनाना राइडवाले अगदी अंगावरून बोट नेतात, आणि श्वासाला तोंड उघडावं तर आत पेट्रोलच्या वासाची लाट. त्यांना कुणी विचारत नाही, पाण्याने काय घोडं मारलंय म्हणून. प्रश्न सगळे मला.

आज सातलाच उतरलो. कोपर वर, मांडीपर्यंत लोटणं, सगळं नीट. त्याच होडीपर्यंत ३९! बाहेर येऊन आजोबांपुढे उभा राहिलो.

"मियां मोजूक नाय," जाळ्यातून मान वर न काढता ते म्हणाले. "आणि रात्री नांगर सरकलो. होडी अल्याड इली हा."