शाम्पूच्या पुडीनं औषध पसरतं, चिकटत नाही

"15 लिटरच्या फवारणी पंपात शाम्पूच्या दोन पुड्या टाका. फेस जितका जास्त तितकं औषध चिकटतं, पावसानंही जात नाही. महागडा स्टिकर कशाला?" पाऊस लागला की बेळगाव-खानापूरकडच्या शेतकरी ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो. स्टिकर म्हणजे फवारलेलं औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य.

यातलं अर्धं खरं आहे. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा करून ठेवणारी पृष्ठभागाची ओढ, 25 अंशांना सुमारे 72 मिलीन्यूटन प्रतिमीटर. म्हणून कोबीच्या किंवा भाताच्या मेणचट पानावर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा गोळा होतो आणि घरंगळतो. शाम्पूनं हा ताण निम्म्यावर येतो, थेंब बसतो, पसरतो. इथवर तक्रार नाही.

फेसाचं मात्र साफ चूक. पाण्याचा पृष्ठभाग शाम्पूच्या रेणूंनी एकदा भरला की जादाचे रेणू पाण्यातच झुबके करून राहतात, ताण आणखी उतरत नाही. वाढतो तो नुसता फेस. पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, दाब तुटतो, नोझल फुरफुरतं. आणि पान गरजेपेक्षा जास्त भिजलं की औषधाचा पापुद्रा टोकाकडं वाहत जाऊन थेंबाथेंबानं चिखलात पडतो. पैसे मातीत, तेही शब्दशः!

पावसाचं? शाम्पू वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो, केसांवर तेच तर हवं असतं. चिकटवणाऱ्या स्टिकरात लॅटेक्स किंवा राळेसारखं काही असतं, त्याचा पातळ थर पानावर वाळतो. बाजारात 'स्टिकर' म्हणून नुसता स्प्रेडर, म्हणजे शाम्पूसारखं फक्त पसरवणारं द्रव्यही मिळतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

कुणी धुण्याची पावडर सुचवतं. ती तर नकोच. तिच्यातल्या सोड्यानं पाणी अल्कधर्मी होतं आणि मॅलेथिऑनसारखी औषधं त्यात लवकर फुटतात. अंगाचा साबणही नको. बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा साका होऊन जाळी तुंबते.

प्रमाण लेबलवरचंच धरा. बऱ्याच साध्या स्प्रेडरना लिटरला 0.5 मिली, म्हणजे 15 लिटरला 7-8 मिली पुरतं. सिलिकॉनचा असेल तर त्याहून कमी. सिरिंजनं मोजा. आधी ग्लासात कालवून कोबीच्या बाहेरच्या पानावर एक थेंब सोडा: चपटा होऊन जागीच राहिला तर बरोबर, गोळाच राहिला तर कमी, ओघळला तर जास्त. पंपात आधी पाणी, मग औषध, स्प्रेडर शेवटी. तो हळू ढवळा. चार रोपांवर मारून दोन दिवस थांबा. पानांच्या कडा करपल्या तर तो स्प्रेडर त्या पिकावर वापरू नका.